हॅकेथॉन जिंकलं, पुढे काय? मीरा-भाईंदरच्या पोरांच्या एआय प्रोजेक्टची खरी परीक्षा ३७व्या तासाला सुरू होते

हातात मोठ्ठा चेक, गळ्यात आयडी कार्ड, जागरणाने लाल झालेले डोळे आणि सहा जणांचा हसरा फोटो. खाली कॅप्शन, ‘आमच्या एआय प्रोजेक्टला पहिलं बक्षीस’. लिंक्डइन आणि इन्स्टावर अशी पोस्ट आठवड्यातून एकदा तरी दिसतेच. लाईक पडतात, मावशी-काका अभिनंदन करतात, कॉलेज आपल्या पेजवर फोटो टाकतं.

तीन महिन्यांनी त्याच पोस्टमधली प्रोजेक्टची लिंक उघडून बघा. बऱ्याचदा पान उघडत नाही. उघडलंच तर लॉगिनच्या पुढे जात नाही.

मग ही पोरं रात्रभर जागून करतात तरी काय? त्यातून त्यांना काय मिळतं? आणि ज्या शहरासाठी प्रोजेक्ट केला म्हणून सांगितलं, त्या शहराच्या हाती काय लागतं?

आधी हॅकेथॉन म्हणजे काय ते बघू

हॅकेथॉन हा शब्द ‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ जोडून झाला. इथे हॅक म्हणजे कुणाचं अकाउंट उडवणं नव्हे, तर जुगाड करून झटपट काहीतरी बनवणं. १९९९ साली कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारे प्रोग्रामर एकत्र बसले, तेव्हापासून हा शब्द रुळला असं मानलं जातं.

भारतात हे प्रकरण घराघरात पोहोचलं ते स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे. १ आणि २ एप्रिल २०१७ ला त्याची पहिली अंतिम फेरी झाली. कल्पना सोपी होती. सरकारी खात्यांनी आपल्या अडचणी लिहून द्यायच्या आणि देशभरातल्या कॉलेजच्या पोरांनी त्यावर तोडगा काढायचा. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते. हार्डवेअरची फेरी पाच दिवसांची असते.

नियमही ठरलेले आहेत. टीम सहा जणांची, सगळे एकाच कॉलेजचे, त्यात किमान एक मुलगी हवीच. आधी कॉलेजच्या आत चाळणी होते. त्यातून निवडलेल्या टीमची कल्पना पोर्टलवर जाते आणि तिथून निवड झाली तरच अंतिम फेरीचं तिकीट मिळतं.

डिसेंबर २०२४ च्या अंतिम फेरीत देशभरातल्या ५१ केंद्रांवर १३०० हून जास्त टीम उतरल्या होत्या. त्या वर्षी कॉलेजच्या आत झालेल्या हॅकेथॉनचा आकडा २२०० च्या पुढे गेला. त्याच्या आदल्या वर्षी तो ९०० च्या आसपास होता. एका वर्षात दुपटीहून जास्त.

एका प्रश्नासाठी बक्षीस अनेक वर्षं एक लाख रुपये होतं. सहा जणांत वाटले तर डोक्यामागे १६ हजार ६६६. थोडक्यात, पोरं फक्त पैशासाठी जागत नाहीत.

मग मीरा-भाईंदरचा पोरगा यात शिरतो कुठून?

मीरा-भाईंदर महापालिका २००२ साली झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांच्या वर होती. एका बाजूला उत्तनची कोळीवाडी आणि भाईंदरची मिठागरं, दुसऱ्या बाजूला मीरा रोडचे टॉवर. इथली बहुतेक घरं नोकरदारांची. पोरगा इंजिनिअर झाला की घराचा हप्ता सुटेल, हे गणित इथे अनेक घरांत मांडलेलं असतं.

मीरा रोडच्या कनकिया भागात श्री एल. आर. तिवारी अभियांत्रिकी महाविद्यालय २०१० पासून आहे. बाकीची पोरं लोकलने विखुरतात. कुणी बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिसला, कुणी कांदिवलीच्या ठाकूरला, कुणी अंधेरीच्या सरदार पटेल किंवा विलेपार्ल्याच्या संघवी कॉलेजला, तर कुणी उलट्या दिशेने वसईच्या विद्यावर्धिनीला.

यातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली वाढलेली. विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासूनच मिनी प्रोजेक्ट आणला आणि शेवटच्या वर्षी मेजर प्रोजेक्ट ठेवला. म्हणजे प्रोजेक्ट करणं ही आता हौस राहिलेली नाही, त्याला मार्क आहेत. २०२० नंतर तर अनेक कॉलेजांत एआय आणि मशीन लर्निंग नावाच्या वेगळ्या शाखाच सुरू झाल्या.

इथे एक अडचण होते. वर्गातल्या साठ जणांचा अभ्यासक्रम एक, प्रॅक्टिकल एक, डिग्री पण एकच. मग कॅम्पसला आलेल्या कंपनीने त्यातला कोण निवडायचा? अशा वेळी रेझ्युमेवरची ‘हॅकेथॉन फायनलिस्ट’ ही ओळ कामाला येते. नावाजलेल्या कॉलेजचा शिक्का नसलेल्या पोरासाठी ती ओळ म्हणजे दार ठोठावायची संधी असते. त्यासाठीच तर रात्रीची जागरणं.

३६ तासांत एआय बनतं कसं?

खरं सांगायचं तर बनत नाही. जोडलं जातं.

एखादं मोठं एआय मॉडेल शून्यापासून शिकवायला महिने लागतात आणि पैसा पाण्यासारखा जातो. विद्यार्थी तसं करत नाहीत. ते आधीच शिकलेलं मॉडेल घेतात. फोटोतल्या वस्तू ओळखायच्या असतील तर योलो कुटुंबातलं एखादं मॉडेल, भाषा समजून घ्यायची असेल तर चॅटजीपीटीसारख्या मॉडेलची सेवा. त्यावर आपला थोडा डेटा चढवतात, समोर एक स्क्रीन बनवतात आणि डेमो उभा राहतो. भारी कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. कॅगल आणि कोलॅबसारख्या ठिकाणी ठरावीक मर्यादेत जीपीयू फुकट मिळतो.

यात कमीपणा काहीच नाही. बाहेरच्या कंपन्याही असंच करतात. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि खेळ बदलला. जो कोड लिहायला चार जणांना रात्र लागायची, तो आता एआयच तासाभरात लिहून देतो. कोड स्वस्त झाला. चकचकीत डेमो तर सगळ्यांकडेच असतो.

मग महाग काय राहिलं? तीन गोष्टी. नेमका प्रश्न, त्या प्रश्नाचा खरा डेटा आणि आपलं मॉडेल कुठे चुकतं याची जाण. हॅकेथॉनमध्ये टीम कच्ची पडते ती याच तीन ठिकाणी.

९५ टक्के अचूकतेची गंमत

उदाहरण म्हणून हॅकेथॉनमधला सगळ्यात लाडका विषय घ्या, रस्त्यावरचे खड्डे. समजा एका टीमने मीरा-भाईंदरच्या रस्त्यांचे १०० फोटो घेतले. त्यातल्या ५ फोटोंत खड्डे आहेत, ९५ मध्ये नाहीत. आता एक मॉडेल असं आहे, की ते प्रत्येक फोटोला डोळे झाकून ‘खड्डा नाही’ म्हणतं. त्याची अचूकता किती? ९५ टक्के. खड्डे सापडले किती? शून्य.

स्टेजवर मात्र ‘९५ टक्के ॲक्युरसी’ ऐकून टाळ्या पडू शकतात.

म्हणून मुरलेला परीक्षक वेगळे दोन प्रश्न विचारतो. खरे खड्डे होते त्यातले किती सापडले? आणि तुम्ही खड्डा म्हणून दाखवलेत त्यातले खरे किती निघाले? या दोन आकड्यांवर टीम अडखळली, तर डेमो कितीही देखणा असू दे, आत पोकळ आहे हे लगेच कळतं.

दुसरी चूक याहून बेमालूम असते. टीम बाईकवरून रस्त्याचा व्हिडिओ काढते आणि त्याचे हजारो फोटो पाडते. त्यातले काही मॉडेलला शिकवायला वापरते, काही परीक्षेला. पण व्हिडिओत लागोपाठचे दोन फोटो जवळपास सारखेच असतात. म्हणजे जो प्रश्न घरी सोडवून घेतला, तोच पेपरात आला. मार्क भरघोस मिळणारच. तेच मॉडेल दुसऱ्या रस्त्यावर नेलं की गडबडतं.

तिसरी गोष्ट पावसाची. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या फोटोंत बऱ्याचदा परदेशातले कोरडे, स्वच्छ रस्ते असतात. जुलैत आपल्याकडचा खड्डा पाण्याने भरलेला असतो. वरून तो साध्या डबक्यासारखा दिसतो. ज्या दिवसांत मॉडेलची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत ते आंधळं.

भाषेचंही तेच. महापालिकेच्या तक्रारींसाठी चॅटबॉट करायचा म्हटलं, तर लोक काय लिहितात ते आधी बघावं लागेल. ‘गटार तुंबलंय’, ‘नाला भरलाय’, ‘आज पण पाणी नाय आलं’. कुणी देवनागरीत लिहील, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहील, कुणी एकाच वाक्यात हिंदी, गुजराती आणि मराठी मिसळेल. उत्तनच्या एखाद्या आजीची बोली तर पुस्तकी मराठीहून आणखी वेगळी. छापील मराठीवर तपासलेला बॉट डेमोत फर्ड्यासारखा बोलेल आणि आजीपुढे मुका होईल.

सहा जणांची टीम, पण काम कुणाकडे?

हॅकेथॉन शिकवतं ती मोठी गोष्ट कोडच्या बाहेरची आहे. सहा जण, एक प्रश्न आणि मोजका वेळ. रात्री तीनला मॉडेल चालेनासं झालं की कोण चिडतो, कोण शांत राहतो आणि कोण ‘हे फीचर सोडून देऊ’ असं म्हणायची हिंमत करतो, हे तिथे कळतं. वर्गातल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक जण काम करून बाकीच्यांची नावं लागली तर चालून जातं. हॅकेथॉनमध्ये परीक्षक प्रत्येकाला विचारू शकतो, ‘यात तू काय केलंस?’

यातली एक बाजू मात्र कमी बोलली जाते. टीममध्ये मुलगी हवीच हा नियम चांगल्या हेतूने आला. त्यामुळे अनेक मुलींना पहिल्यांदा दार उघडलं. पण नियम पाळण्यापुरतं नाव घ्यायचं आणि तिच्याकडे फक्त पीपीटी द्यायची, असंही होतं. वर रात्रभर थांबायचं म्हटलं की घरचा प्रश्न उभा राहतो. मुलाला ‘जेवून घे रे’ एवढंच सांगणारं घर मुलीला ‘शेवटच्या लोकलच्या आधी घरी ये’ सांगतं. पहाटे मॉडेल दुरुस्त करायला जो हजर असतो, तोच ते शिकतो. एका रात्रीच्या परवानगीचा फरक पुढे मुलाखतीत दिसतो.

दहा लाख डॉलरचं बक्षीस आणि न वापरलेलं उत्तर

जिंकलेला प्रोजेक्ट पुढे वापरलाच जात नाही, हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे.

२००६ साली नेटफ्लिक्सने जाहीर केलं, आमची सिनेमा सुचवण्याची पद्धत १० टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. जगभरातल्या टीम तीन वर्षं झटत होत्या. २००९ मध्ये शेवटी दोन टीमचा निकाल सारखाच आला. बक्षीस मिळालं ते २० मिनिटं आधी उत्तर पाठवणाऱ्या टीमला.

पुढे काय झालं? त्या टीमची काही आधीची तंत्रं नेटफ्लिक्सने वापरली, पण बक्षीस जिंकणारं शेवटचं उत्तर जसंच्या तसं वापरलंच नाही. ते बसवायला जेवढी मेहनत लागणार होती, तेवढा फायदा दिसत नव्हता. तोवर कंपनीचा धंदाही डीव्हीडीकडून स्ट्रीमिंगकडे वळला होता.

याच्या उलट उदाहरणही आहे. इमेजनेट नावाच्या स्पर्धेत २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या तिघांच्या टीमने फोटो ओळखण्यातल्या चुका २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आणल्या. त्यातले दोघे विद्यार्थी होते आणि तिसरे त्यांचे प्राध्यापक जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आजच्या एआयच्या लाटेची सुरुवात अनेक जण त्या निकालापासून मोजतात.

दोन्ही स्पर्धाच. मग फरक कशाने पडला? इमेजनेटच्या मागे लाखो फोटोंवर माणसांनी बसून लावलेली लेबलं होती. तो डेटा स्पर्धा संपल्यावरही सगळ्यांच्या कामाला आला आणि जिंकलेली पद्धत इतरांनी लगेच उचलून पुढे नेली.

पुण्याच्या विद्यार्थ्यांनी काय वेगळं केलं?

असंच काम मराठीत झालंय, तेही विद्यार्थ्यांच्या हातून. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या उपक्रमात पीआयसीटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकाच्या सोबतीने मराठीसाठी डेटा गोळा करायला घेतला. २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्विट वाचून प्रत्येकाला लेबल लावलं. सूर चांगला, वाईट की मधला. पुढच्या वर्षी द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्यासाठी २५ हजारांहून जास्त ट्विटचा साठा आला. वाक्यातली माणसांची, गावांची, संस्थांची नावं ओळखण्यासाठी २५ हजार वाक्यांचा वेगळा साठा आला.

हे काम स्टेजवर दाखवण्याजोगं नाही. एकेक ट्विट वाचायचं, भांडायचं, ‘हा टोमणा आहे की कौतुक’ ते ठरवायचं. पण हा साठा सगळ्यांसाठी खुला ठेवला गेला. आज मराठीवर एआयचं काम करायला बसणाऱ्या नव्या टीमला शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.

स्पर्धेतही असा सावकाश मार्ग आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत चालणारी ई-यंत्र रोबोटिक्स स्पर्धा एका रात्रीत संपत नाही. चार जणांची टीम काही महिने एकाच प्रश्नावर काम करते आणि टप्प्याटप्प्याने तपासली जाते. तिथे जुगाड फार दिवस टिकत नाही.

मग ३७व्या तासाला करायचं काय?

हॅकेथॉन वाईट असं कुणी म्हणणार नाही. लाजाळू पोरगा तिथे बोलायला शिकतो, मुलगी टीम चालवायला शिकते, आपल्याला काय येत नाही हे एका रात्रीत कळतं. एवढं शिकवणारं दुसरं काही कॉलेजात क्वचितच असतं. गडबड होते ती बक्षिसाला शेवट समजलं की.

टीमला करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. हॅकेथॉनच्या आधीच एक खरा वापरणारा माणूस शोधायचा. वॉर्ड ऑफिसमधला तक्रारी नोंदवणारा कर्मचारी, सोसायटीचा सेक्रेटरी, मासळी बाजारातली विक्रेती. त्याचा प्रश्न त्याच्या तोंडून ऐकायचा. दर महिन्याला नवं हॅकेथॉन आणि नवा विषय पकडण्यापेक्षा एकच प्रोजेक्ट तीन स्पर्धांमधून पुढे न्यायचा. आणि तोच मिनी प्रोजेक्ट, तोच मेजर प्रोजेक्ट म्हणून वाढवता येतो का, ते गाईडला विचारायचं.

डेटा घेताना कायदाही बघावा लागेल. लोकांचे चेहरे, नंबर, आवाज वाटेल तसे जमवून चालत नाही. २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झालाय आणि संमती हा त्याचा पाया आहे. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज मित्राने दिलं म्हणून ते आपलं होत नाही.

कॉलेजांचाही वाटा आहे. जिंकलेल्या टीमचा फोटो लावला जातो, पण सहा महिन्यांनी तो प्रोजेक्ट चालू आहे का, हे विचारणारं कुणी नसतं. सर्व्हरचा किरकोळ खर्च, एक गाईड आणि पुढच्या बॅचला प्रोजेक्ट सोपवण्याची पद्धत, एवढं मिळालं तरी बरेच प्रोजेक्ट वाचतील. महापालिकेने तक्रारींचा नावं काढलेला डेटा आणि एखाद्या प्रभागात प्रयोग करायची परवानगी दिली, तर विद्यार्थ्यांना परदेशातल्या रस्त्यांचे फोटो शोधत बसावं लागणार नाही.

नोकरी देणाऱ्यालाही शेवटी हेच हवं असतं. कोड एआय लिहून देईल अशा काळात ‘मी हॅकेथॉन जिंकलो’ हे वाक्य अनेकांच्या रेझ्युमेवर असेल. ‘आमचं मॉडेल पावसात चुकत होतं, आम्ही पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचे फोटो स्वतः जमवले आणि मग चुका इतक्या कमी झाल्या’ हे वाक्य थोड्यांकडेच असेल. मुलाखत घेणारा त्या वाक्यावर थांबतो.

चेकवरचे १६ हजार एखाद्या सेमिस्टरच्या खर्चात उडून जातात. पण भाईंदरच्या एखाद्या गल्लीत एका माणसाची तक्रार त्या प्रोजेक्टमुळे दोन दिवस आधी सुटली, तर त्या टीमने खऱ्या अर्थाने काहीतरी बनवलं असं म्हणता येईल. पुढच्या वेळी टाइमलाइनवर मोठ्या चेकचा फोटो दिसला तर लाईक जरूर करा. आणि कमेंटमध्ये एक प्रश्नही विचारा, ‘आता हे कोण वापरतंय?’